उपदेश कर्जदाराला, कायदा सावकाराला

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ गाडगेबाबांचे निधन झाले. ऋण काढून सण करू नका, हे त्यांनी जन्मभर कीर्तनांतून सांगितले. उपदेश मोलाचा होता. पण आज दलित भूमिहीन बाई कर्ज काढते ते सणासाठी नव्हे, तर दवाखान्यासाठी, पोराच्या फीसाठी. तिला उपदेश करून काय साधणार? बंधन कर्ज देणाऱ्यावर हवे, आणि ते कायद्यानेच घालता येते.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार सावकाराचा कमाल व्याजदर सरकार ठरवते. मुद्दलाहून अधिक व्याज त्याला वसूल करता येत नाही. परंतु वस्तीत गटाचे कर्ज वाटणारी मायक्रोफायनान्स कंपनी या कक्षेबाहेर राहते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या कायद्यांबाबत दिला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी नियम केले : तारण घेऊ नये, हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, वसुलीसाठी धमकावू नये. व्याजाची कमाल मर्यादा मात्र कंपन्यांवरच सोडली.

शिवाय गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांना धरतात. मग शेजारीणच वसुली करते, आणि जातीने गावकुसाबाहेर ठेवलेली वस्ती हप्त्यापायी आतून फुटते. म्हणून व्याजाची मर्यादा ठरवणारा आणि एकीच्या थकबाकीसाठी दुसरीला धरण्यास मनाई करणारा कायदा संसदेनेच केला पाहिजे. तशी मागणी गटातल्या बायांनी एकत्र येऊन करावी.