चौथा कोपरा

धुळ्यातलं आमचं धाब्याचं घर उतरवलं, तेव्हा सागाच्या तुळया विकायला घरात कुणाचंच मन होईना. एक तुळई बारा फूट लांब आणि आठ इंच रुंद होती. ती चिरून गोधड्यांची पेटी करायची ठरली: १२०० मिलिमीटर लांब, ६०० रुंद, ६०० उंच. आईची अट एकच होती, कोपऱ्यावर फळीची कापलेली बाजू दिसता कामा नये.

म्हणजे मायटर. दोन्ही फळ्यांच्या कडा ४५ अंशांत तिरक्या कापायच्या आणि एकमेकींना भिडवायच्या. फोटोच्या चौकटीला हे काम कुणीही करील. सहाशे मिलिमीटरची कड हातकरवतीने तिरकी आणि तरीही सरळ कापणं मात्र कसलेल्या सुतारालाही जड जातं. म्हणून आठ इंची तीन फळ्या शेजारी चिकटवून, रंधून, १८ मिलिमीटर जाडीचा लांब पाट तयार केला आणि टेम्पोत घालून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला नेला. तिथे ओळखीच्या मिस्त्रींकडे सीएनसी राउटर आहे.

आपल्याकडे हे यंत्र देवघराच्या जाळ्या आणि दारांवरची नक्षी कोरताना दिसतं. त्याला ‘तेरा-पंचवीस’ म्हणतात, कारण त्याचा पलंग १३०० बाय २५०० मिलिमीटरचा असतो. आकड्यांच्या हुकमाने हत्यार हलवायचं, ही गोष्ट १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एका मिलिंग यंत्रावर करून दाखवली गेली. तेव्हा हुकूम छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून जात. आज मिनिटाला २४,००० फेरे घेणारं हत्यार, म्हणजे बिट, संगणकावरच्या रेषेमागून जातं.

यंत्र सुरू करण्याआधी मिस्त्रींनी पाटावरून इंच-इंच लोहचुंबक फिरवला. जुन्या सागात मोडलेल्या खिळ्यांची टोकं राहतात आणि एका टोकाने बिटची धार उडते. तीन निघाली, गंजून काळी पडलेली, भोवतालचं लाकूडही शाईसारखं डागाळलेलं.

बिट व्ही आकाराचं, ९० अंशांचं. १८ मिलिमीटर जाडी एका धारेत बसायची तर त्याचा व्यास निदान ३६ हवा. एवढं मोठं बिट एका दमात खोल घातलं तर लाकूड जळतं, म्हणून चार फेऱ्यांत कापायचं. पेटीची आतली बाजू वर ठेवायची आणि खोलीचं शून्य पाटाच्या पृष्ठावर न धरता खालच्या पलंगावर धरायचं. हे मला फार मोलाचं वाटलं. फळीची जाडी कुठे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असली, तरी बिटचं टोक पलंगालाच टेकतं आणि पेटीचं बाहेरचं माप चुकत नाही.

आधी प्लायवर चाचणी घेतली. तीन कोपरे मिटले, चौथा उघडाच. “कोपरा बठना नही, भाऊ,” मिस्त्री म्हणाले. बिट धार लावून आलेलं होतं. ९० ऐवजी ८९ अंश भरलं. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक, काप आठ, म्हणजे चार अंश. पहिले तीन कोपरे घट्ट दाबून मिटवले की तो सगळा फरक चौथ्यावर येतो. तिथे जवळपास पावणेदोन मिलिमीटरची फट पडते, तीत नख सहज जातं. बिट बदललं, तेव्हा जमलं.

मग साग. पाट यंत्राहून लांब, म्हणून सरकवून दोन डावांत कापला. करवत प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर लाकूड खाते. इथे व्हीचं टोक बाहेरच्या अंगाला टेकतं, तिथे लाकूड जवळपास जातच नाही. म्हणून लाकडाची रेघ एका बाजूवरून दुसरीवर न तुटता वळते. हे पाहायला मी तासभर उभा होतो.

चारही फळ्या बाहेरचं अंग वर करून ओळीने मांडल्या, सांध्यांवर चिकटपट्टी लावली आणि सगळं उलटं केलं. तिरक्या कडा गोंद पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात, मग घट्ट. आतून खाच घेऊन प्लायच्या पट्ट्या बसवल्या, कारण नुसत्या गोंदावर एवढी पेटी उचलायची नाही. मग घडी घातली. दोन्ही कर्ण मोजले: १३४२ आणि १३४२.

पावसाळ्यात साग फुगतो तो रेघेच्या आडवा. पेटीच्या चारही बाजूंची रेघ भोवताली फिरते, त्यामुळे चौघी मिळून उंचीत फुगतात आणि कोपरे शाबूत राहतात. झाकणाचं तसं नाही, ते रुंदीत वाढतं; म्हणून त्याला बाजूंनी जागा सोडली.

तुळई ३६५८ मिलिमीटर, चार बाजूंची बेरीज ३६००. तीन कोपऱ्यांवर रेघ अखंड आहे. चौथ्यावर लाकडाचं शेवटचं टोक पहिल्याला भेटतं आणि तिथे ती जुळणं शक्यच नसतं. तो कोपरा भिंतीकडे ठेवला आहे.