कुत्र्याच्या पंजाला कापडाचा जोडा : कतरनीतून उभा राहणारा छोटा धंदा

जनावराचा पाय सांभाळला तरच जनावर काम देते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. जिनिंगला कापसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना नालबंद नाल ठोकीत. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याची नालही दोन तुकड्यांची असे. ट्रॅक्टर आले तसे हे काम कमी होत गेले. परंतु त्याच शेतावर राखण करणाऱ्या कुत्र्याच्या पायाचा विचार फारसा कोणी केला नाही.

अमरावती-अकोल्याकडे रोही आणि रानडुकरे उभ्या पिकाचा एका रात्रीत नाश करतात. जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला कुत्र्याचाच आधार असतो. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराचेही तसेच. पऱ्हाटी व तुरीचे टोकदार खुंट, सराटे, बाभळीचे काटे आणि मेळघाटच्या पायथ्याचा काळा खडक, यांतून हे जनावर अनवाणी धावते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की दुपारचे डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. पंजाची गादी जाड असली तरी शेवटी ती कातडीच. ती भाजते, चिरते, तिच्यावर फोड येतात. कुत्रा लंगडा झाला की राखण गेली, आणि नुकसान शेतकऱ्याचे.

बर्फाच्या मुलखात या अडचणीवर कापडानेच मार्ग काढला आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यात १९७३ पासून ‘इडिटारॉड’ ही कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांची शर्यत भरते. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. बर्फ बोटांच्या बेचक्यात गोळा होऊन गोठतो आणि कातडी सोलवटते. म्हणून प्रत्येक कुत्र्यामागे जोड्याचे आठ नग, म्हणजे चार पायांचे दोन संच, जवळ असलेच पाहिजेत असा शर्यतीचा नियम आहे.

हा जोडा चामड्याचा नसतो. जाड विणीच्या नायलॉनची ती साधी पिशवी असते, वर आवळायला वेल्क्रोची पट्टी. या पट्टीचा जन्मही कुत्र्यामुळेच झाला. स्वित्झर्लंडचे इंजिनियर जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ मध्ये आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काट्यांच्या टोकाला बारीक आकडे दिसले, त्यावरून त्यांना ही पट्टी सुचली, आणि १९५५ मध्ये तिचे पेटंट मिळाले. आपल्या शेताच्या बांधावरील गोखरूच्या बोंडालाही असेच आकडे असतात.

आपल्याकडे बर्फ नाही, ऊन आणि काटा आहे. म्हणून आमच्या मते खाली जाड कॅनव्हास किंवा जीनचे दोन-तीन थर आणि वर हवा खेळेल असे कापड घ्यावे. रेक्झिन टाळावे. कुत्र्याला घाम पंजातूनच येतो, रेक्झिनमध्ये पाय उबतो. माप घेताना कुत्र्याला कागदावर उभे करावे, कारण वजन पडल्यावर पंजा पसरतो. पुढचे पंजे बहुधा मागच्यांपेक्षा मोठे असतात, तेव्हा मापे दोन घ्यावीत. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे ती बोटांना घासत नाही. पट्टी इतकीच आवळावी की आत एक बोट जाईल.

जोडा पहिल्यांदा घरातच थोडा वेळ घालावा. कुत्रा पाय उंच उचलून चालेल, पण हळूहळू सवय होते. विश्रांतीला बसला की जोडा काढून पाय कोरडा करावा, बेचक्यात काटा आहे का ते पाहावे. जखम असेल तर आधी पशुवैद्याला दाखवावे. जखमेवर जोडा चढवून कामाला लावू नये. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या वेळी कुत्र्याला रस्त्यावर नेऊच नये.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे. ताग्याच्या शेवटी उरणारे तुकडे आणि शिलाईची कतरन आपण किलोच्या भावाने काढून टाकतो. एका जोड्याला वीत-दीड वीत कापड लागते. मशीन घरात असलेल्या भगिनींना हे काम सहज जमेल. तयार जोडे शहरात मिळतात, पण ते ठरावीक मापांचे. गावठी कुत्र्याला ते बसतीलच असे नाही. मापाप्रमाणे शिवून देणाऱ्याला इथेच जागा आहे. यात लाखोंची उलाढाल होईल असे आम्ही म्हणत नाही. माल भरून ठेवू नये. आधी दोन-चार शेतकऱ्यांना शिवून द्यावा, पंधरा दिवसांनी जाऊन तो कोठे फाटला, पाय कोठे घासला ते स्वतः पाहावे, आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करून मगच पुढची ऑर्डर घ्यावी. कुत्रा तक्रार करू शकत नाही, म्हणून शिवणाऱ्याने अधिक काळजी घ्यावी.