लिंगभाव आणि लैंगिक कल

मनुष्य स्वतःला स्त्री मानतो की पुरुष, हा एक प्रश्न होय. त्याचे मन कोणाकडे ओढ घेते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप हाती येते, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात असे. जन्मतः ज्यांची नोंद एका लिंगाची झाली, परंतु जे स्वतःला त्या लिंगाचे मानीत नाहीत, अशा पारलिंगी व्यक्तींना या गृहीताची फार मोठी किंमत मोजावी लागली. या दृष्टीने अमेरिकेतील लू सलिव्हन यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथील एका कॅथलिक कुटुंबात १९५१ साली सलिव्हन यांचा जन्म झाला. नोंद मुलगी म्हणून झाली. लहान वयापासून ते रोजनिशी लिहीत. पुरुष म्हणून जगण्याची आकांक्षा आणि पुरुषांविषयीचे आकर्षण या दोन्ही गोष्टी त्या रोजनिशीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात; त्यांना स्वतःला त्यांत काही विसंगती वाटली नाही असे नाही, परंतु दोहोंपैकी एकीचाही त्याग करणे त्यांना शक्य झाले नाही. १९७५ साली ते सॅन फ्रान्सिस्को येथे गेले आणि १९७९ मध्ये त्यांचे संप्रेरकांचे उपचार सुरू झाले. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी स्टॅनफर्ड येथील लिंगपरिवर्तन कार्यक्रमाकडे अर्ज केला होता. १९८० साली नकार आला. आपल्याकडे यशस्वी ठरलेल्या व्यक्तींच्या पूर्वेतिहासाशी या अर्जदाराचा इतिहास जुळत नाही, असा त्या नकाराचा आशय होता. ज्याला पुढे समलिंगी पुरुष म्हणूनच जगायचे आहे, त्याने एवढा खटाटोप करावाच कशाला, हे तत्कालीन तज्ज्ञांना उमगत नव्हते.

हा नकार कोणा एका डॉक्टरच्या लहरीतून आलेला नव्हता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६६ साली असे केंद्र उघडले आणि त्याच वर्षी हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपचारानंतर स्त्रीने पुरुषाशी आणि पुरुषाने स्त्रीशी संसार थाटावा, चारचौघांत मिसळून जावे, ही यशाची कसोटी त्या काळी सर्वसाधारणपणे मानली जाई. अर्जदारांनाही हे लवकरच कळून चुकले. त्यांनी बेंजामिन यांचा ग्रंथ वाचला आणि डॉक्टरांना जी उत्तरे हवी होती तीच दिली. मग त्या उत्तरांच्या आधारे ‘खऱ्या’ रुग्णाचे चित्र अधिकच पक्के झाले. चाळणीतून जे खाली पडले तेवढेच धान्य, असा हा न्याय होता! सलिव्हन यांनी पढवलेले उत्तर दिले असते, तर कदाचित त्यांना प्रवेश मिळाला असता. त्यांनी खरे सांगितले.

वर्गीकरणातही हीच गल्लत होती. ‘समलिंगी’ हा शब्द घेतला तर प्रश्न असा की, कोणाशी सम? जन्मनोंदीशी की व्यक्तीच्या स्वतःच्या जाणिवेशी? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जी रोगसूची प्रसिद्ध केली, तिच्यात अशा व्यक्तींचे पोटविभाग लैंगिक पूर्वेतिहासावरून पाडले होते, आणि मोजणीचा आरंभ जन्मनोंदीपासून होता. म्हणजे पुरुषावर प्रेम करणारी पारलिंगी स्त्री स्वतःला इतर कोणाही स्त्रीसारखी समजे, आणि कागदावर तिची नोंद ‘समलिंगी’ अशी होई. १९९४ च्या आवृत्तीत हे शब्द गेले व केवळ आकर्षण कोणाचे एवढे नमूद करण्याची पद्धत आली. २०१३ मध्ये तीही वगळण्यात आली.

सलिव्हन यांना खाजगी शल्यचिकित्सकांकडून १९८० व १९८६ साली शस्त्रक्रिया करून घेता आल्या. स्त्रीनोंदीकडून पुरुषत्वाकडे जाणाऱ्यांसाठी त्यांनी १९८० मध्ये एक माहितीपुस्तिका लिहिली व १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अशा व्यक्तींचा मेळ जमवला. तज्ज्ञांशी पत्रव्यवहार करून, त्यांच्यासमोर बसून, आपल्यासारखी माणसे आहेत हे ते चिकाटीने सांगत राहिले. त्यांचा स्वाभिमान मोर्च्यांपेक्षा दप्तरखान्यांत अधिक रमला, असे म्हणता येईल. जॅक बी गार्लंड हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३६ पर्यंत कॅलिफोर्नियात पुरुषवेषात जगले. त्यांचे चरित्र सलिव्हन यांनी लिहिले आणि ते १९९० मध्ये प्रकाशित झाले. आपल्याला पूर्वज नाहीत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या हाती त्यांनी एक पूर्वज दिला. तोवर ते स्वतः एड्सने ग्रस्त होते. २ मार्च १९९१ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रोजनिशीतील निवडक भाग २०१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

ही गाठ अमेरिकेतील दवाखान्यांपुरती राहिली नाही. भारतात तोच प्रश्न न्यायालयापुढे निराळ्या रूपाने आला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य करताना लिंगभाव आणि लैंगिक कल या दोन वेगळ्या गोष्टी होत, हे विशद केले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पुढे २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने एक पुरुष व एक पारलिंगी स्त्री यांचा विवाह हिंदू विवाह कायद्याखाली वैध ठरवला. तत्त्व स्पष्ट होते. परंतु विवाहाचा प्रश्न आला तेव्हा दोन्ही धागे पुन्हा एकमेकांत गुंतले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना मान्यता नाकारली, मात्र भिन्नलिंगी संबंधातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली विवाह करता येईल, असे सांगितले. म्हणून एखाद्या पारलिंगी पुरुषाची प्रीती स्त्रीवर असल्यास त्याला विवाहाचा मार्ग खुला झाला. सलिव्हन यांच्याप्रमाणे ती पुरुषावर असल्यास तो मिळाला नाही. त्या निर्णयाच्या फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आले.