दर्यापलीकडे दुचाकी आणि घरचा परवाना

गोव्यातील पुष्कळ खेड्यांत असे एखादे तरी घर दिसते, की ज्याच्या बाल्कांवापाशी ताडपत्रीखाली एक स्कूटर उभी असते आणि तिचा धनी इंग्लंडातील स्विंडन नगरात असतो. घरची माणसे अधूनमधून तिचे यंत्र सुरू करून पाहतात, गंज चढू नये म्हणून. मुलगा मात्र तिकडे पहाटेच्या थंडीत बसची वाट पाहत असतो. आणि चार-सहा महिन्यांनी फोनवर सांगतो, की येथेही एक स्कूटर घ्यावी म्हणतो, परवाना तर माझ्याकडे आहेच. वाचकहो, या शेवटच्या चार शब्दांविषयीच आम्हांस आज लिहावयाचे आहे. कारण त्यांत अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याने माणूस जितका फसतो तितका तो निखळ असत्याने फसत नाही.

सत्य एवढे, की भारतातील परवाना बाळगणारा मनुष्य ग्रेट ब्रिटनमध्ये राहावयास गेला, म्हणजे पहिले बारा महिने त्याला त्या परवान्यावर दुचाकी चालविता येते. हे बारा महिने तो तेथील रहिवासी झाल्यापासून मोजावयाचे. मधे नाताळासाठी घरी येऊन परत गेले, की गणती पुन्हा एकपासून सुरू होते, अशी समजूत पुष्कळांची आहे. तिला आधार नाही. शिवाय परवान्यावर ज्या वर्गाचे वाहन नोंदलेले असेल तेच चालविता येते. आपल्याकडे गियर असलेली मोटारसायकल आणि गियर नसलेली स्कूटर यांची नोंद निरनिराळी असते, आणि मोटारीची त्याहून निराळी. ज्याच्या परवान्यावर केवळ मोटारीची नोंद आहे, त्याला तेथे दुचाकीला हात लावण्याचा अधिकार नाही, मग तो गावात कितीही वर्षे ती चालवीत आलेला असो.

येथे एक गैरसमज विशेष आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या लोकांच्या मुलानातवंडांपैकी अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व मिळविले आणि त्या पारपत्रावर ते इंग्लंडात गेले. युरोपीय परवान्याला तेथे पुष्कळ अधिक काळ मान्यता असते, हेही खरे. परंतु पारपत्र कोणत्या देशाचे, हे परवान्याच्या बाबतीत कोणी विचारीत नाही. परवाना कोणत्या देशाने दिला, हेच विचारतात. पारपत्र लिस्बनचे आणि परवाना पणजीचा अशी जोडी असली, तर कायद्याच्या दृष्टीने तो भारतीय परवानाच होय, आणि त्याला बारा महिनेच मिळावयाचे. जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आदी काही देशांच्या परवान्यांची तेथील परवान्याशी अदलाबदल होते; त्या यादीत भारताचे नाव नाही.

'आंतरराष्ट्रीय परवाना काढला म्हणजे झाले' असेही आपण ऐकतो. हे पुस्तक १९४९ साली जिनिव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे आपले परिवहन कार्यालय देते. शुल्क १००० रुपये, मुदत फार तर एक वर्ष. तो स्वतंत्र परवाना नव्हे, मूळ परवान्याची अधिकृत भाषांतरित प्रत होय, आणि म्हणून मूळ परवाना जवळ नसेल तर तिचा उपयोग नाही. तिच्यात वाहनांचे वर्ग अक्षरांनी दाखविलेले असतात; दुचाकीचे अक्षर 'ए'. त्या अक्षरासमोर शिक्का पडला आहे की नाही, हे कार्यालयाची पायरी उतरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ज्या देशांत आपली लिपी वा भाषा कोणास कळत नाही, तेथे हे पुस्तक मोठ्या कामाचे. ब्रिटनमध्ये मात्र ते बारा महिन्यांचे तेरा करून देत नाही.

मग तेराव्या महिन्यात काय करावयाचे? तेथील शिकाऊ परवाना, ज्याला ते प्रोव्हिजनल म्हणतात, तो आधीच काढून ठेवावयाचा. देशात निदान १८५ दिवस राहण्याचा हक्क असलेल्या रहिवाशाला स्वान्सी येथील वाहन-परवाना कार्यालयाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. ऑनलाइन अर्जाचे शुल्क ३४ पौंड. त्यानंतर एक सक्तीचे प्राथमिक शिक्षण असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून सर्व जण त्याला 'सीबीटी' म्हणतात, आणि १९९० सालापासून ते चालू आहे. याला परीक्षा म्हणू नये. सकाळी मान्यताप्राप्त शिक्षकाकडे जावयाचे, वीस मीटरांवरून उभ्या मोटारीचा क्रमांक वाचून दाखवावयाचा, बंदिस्त मैदानात गाडी ढकलणे, वळविणे, थांबविणे हे करून दाखवावयाचे, आणि मग शिक्षकासह निदान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवावयाची. शिक्षकाचे समाधान झाले तर प्रमाणपत्र. न झाले तर आणखी एक दिवस. बारा वर्षे स्कूटर चालविलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटते, असे आम्ही ऐकतो. परंतु खांद्यावरून मागे वळून पाहण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना आहे? तेथे वळण्यापूर्वी प्रत्येक वेळी तसे पाहावे लागते, आणि न पाहणाऱ्याला शिक्षक पुढे जाऊ देत नाही.

या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षे. त्यावर सतरा वर्षांवरील मनुष्य १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवू शकतो. पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर लावून. मोटरवेवर, म्हणजे स्विंडनजवळून लंडनला जाणाऱ्या एम-फोरसारख्या महामार्गावर, त्याला बंदी असते. मागे कोणाला बसविता येत नाही. दोन वर्षांत पूर्ण परीक्षा दिली नाही, तर प्राथमिक शिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

स्विंडनमध्ये १९७२ साली बांधलेला एक चौक आहे; लोक त्याला 'जादूचा गोल' म्हणतात, आणि आता तेच त्याचे नाव झाले आहे. एका मोठ्या गोलाभोवती पाच लहान गोल. बाहेरच्या प्रत्येक लहान गोलाभोवती गाड्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, आणि मधल्या गोलाभोवती उलट. आम्ही त्याचा नकाशा पाहिला आणि कागदावर बोट फिरवितानाच चुकलो. पण नियम एकच आहे: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावयाचे. म्हापशाच्या बाजारात जो आधी घुसतो त्याचा रस्ता, या न्यायावर वाढलेल्या मुलाला हा एकच नियम शिकावयास वर्ष लागते. डावी बाजू मात्र त्याला नव्याने शिकावी लागत नाही. १९२८ साली पोर्तुगालने रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, तेव्हाही शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानामुळे गोव्याची वाहतूक डावीकडूनच राहिली. कागदपत्रांसाठी जो काही महिने लिस्बनला राहून पुढे इंग्लंडला जातो, त्याचीच खरी तारांबळ. त्याला बाजू दोनदा बदलावी लागते.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तीकडे वळतो. घरोघर जेवण पोचविण्याचे काम पुष्कळ तरुण करतात. रात्रीची चार तासांची ही कमाई घरी पाठवावयाच्या पैशांत भर घालते. वर्ष उलटते, परवाना खिशात तसाच असतो, गाडीही तशीच चालत असते, आणि कोणी अडविलेले नसते. परंतु त्या दिवसापासून त्याचा परवानाही गेलेला असतो आणि त्याबरोबर विम्याचा आधारही. विम्याविना गाडी चालविताना सापडल्यास ३०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा दोषांक; प्रकरण न्यायालयात गेले तर दंडाला मर्यादा नाही आणि गाडी चालविण्यास बंदीही होऊ शकते. पोलिसांना गाडी तेथेच जप्त करता येते. एखाद्याला धक्का लागून तो जखमी झाला, तर विमा कंपनी त्या जखमी माणसाची भरपाई करील आणि मग ती रक्कम आपल्या मुलाकडून वसूल करू पाहील. ती रक्कम गावचे घर विकूनही फिटणार नाही, इतकी असू शकते. परवाना वैध असलेल्यानेही हे लक्षात ठेवावे, की कामावर जाण्यायेण्याचा साधा विमा जेवण पोचविण्याच्या धंद्याला चालत नाही. त्यासाठी निराळा विमा घ्यावा लागतो.

दुबईकडे असलेल्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. तेथे पाहुणा म्हणून गेलेल्याला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो; निवासाचा व्हिसा हाती पडला की चालत नाही. भारतीय परवानाधारकाला तेथील परीक्षा चुकत नाही, आणि मोटारसायकलचा परवाना मोटारीच्या परवान्याहून वेगळा काढावा लागतो.

घरच्यांनी करण्यासारखी दोन कामे आहेत. मुलाच्या भारतीय परवान्याची मुदत पाहावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत टिकतो, त्यानंतरचा दहा वर्षे, आणि मुदत संपलेल्या परवान्याला तिकडे बारा महिने तर सोडाच, एक दिवसही मिळत नाही. दुसरे, सामानात येथले हेल्मेट कोंबू नये. आपल्या आयएसआय शिक्क्याला तेथे मान्यता नाही. ब्रिटिश किंवा युरोपीय मानकाचा शिक्का लागतो, आणि ते तिकडेच घ्यावे लागते.

पूर्ण परवान्यासाठी पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा असते. त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. ती इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत होते. २०१४ पासून इतर भाषांचे साहाय्य बंद झाले आहे. तिच्याबरोबर रस्त्यावरील धोके चित्रफितीत ओळखण्याची चाचणी, मग मैदानातील परीक्षा, ज्यात ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने येऊन एकदम थांबावे लागते, आणि शेवटी परीक्षकासह रस्त्यावरची. चोवीस वर्षे पूर्ण झालेल्याला कोणत्याही शक्तीच्या मोटारसायकलवर ती थेट देता येते. ती उत्तीर्ण झाली, की 'एल'ची पाटी उतरते आणि मागची बैठक मोकळी होते. त्याआधी आईबाप स्विंडनला मुलाच्या भेटीस गेले, तर त्यांनी बसनेच फिरावे.