पाणी आठला येतं, चारला जातं

पहाटे साडेपाच

कुलाब्याच्या पूर्व किनाऱ्यावर या वेळी समुद्र नसतो, चिखल असतो. आज बुद्धपौर्णिमा, म्हणजे उधाण. सहाच्या सुमाराला ओहोटी तळाला जाते आणि आमच्या सेलिंग क्लबची उतरण, जिला सगळे स्लिप म्हणतात, पार खालच्या टोकापर्यंत उघडी पडते. ओहोटीला धक्क्यावर काम नसतं असं मेंबरांना वाटतं. डागडुजीची वेळ मात्र हीच. स्लिपवरचं शेवाळ आत्ताच घासायला हवं, कारण पाणी चढलं की त्यावरूनच मुलं ट्रॉली ढकलणार. तारेचे ब्रश घेऊन मी आणि दोन बोटमन कामाला लागतो. वारा दक्षिणेचा असला तर ससून डॉकमधला लिलावाचा गलका इथवर ऐकू येतो. १८७५ सालचा तो डॉक. तिथल्या लोकांचा निम्मा दिवस आत्ताच संपलेला असतो.

आमच्या तांडेलमामांना भरतीचं कोष्टक लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला या हिशोबाने सव्वाअकरा येतात. छापील कोष्टकात आज बाराच्या पुढची काही मिनिटं आहेत. पाऊण तासाचा हा फरक मासेमारीच्या होडीला चालतो. आज दुपारी आम्हांला एक किलबोट, म्हणजे बुडाखाली जड पातं असलेली बोट, पाण्याबाहेर काढायची आहे, तिला चालणार नाही. म्हणून फळ्यावर कोष्टकातली वेळ लिहिते आणि मामा ती पाहून न पाहिल्यासारखं करतात.

साडेसहा

दोन्ही रेस्क्यू बोटी तपासायच्या. पेट्रोल, नांगर, दोर, वल्ही, प्रथमोपचाराची पेटी, चॅनल १६ वर लावलेला वॉकीटॉकी. किल कॉर्ड, म्हणजे चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी लाल दोरी, दोन्हीकडे आहे ना. ती मनगटाला न बांधता बोट चालवणाऱ्याला मी दिवसभर धक्क्यावर बसवते, मग तो कितीही जुना असो. शेवटी प्रोपेलर आणि आउटबोर्डच्या पाणी ओढणाऱ्या छिद्रांना हात घालून प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या. मुंबई बंदरात इंजिनं बिघडतात ती खाऱ्या पाण्यापेक्षा या पिशव्यांनी जास्त.

एक रेस्क्यू बोट चालू झाली नाही तर निम्मीच मुलं पाण्यात उतरतील, असा आमचा नियम आहे. पालकांना तो पटत नाही, कारण फी पूर्ण भरलेली असते.

साडेसात ते साडेआठ

मुलं येतात. सुट्टीच्या शिबिराचा हा तिसरा आठवडा, त्यामुळे पहिल्या दिवशीची रडारड संपली आहे. आता तक्रारी आहेत: त्याने माझा बेलर घेतला, हिने माझं शीड बांधलं. बेलर म्हणजे तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा तिरका कापून केलेलं पाणी उपसायचं भांडं. दुकानातलं कोणतंही याच्याइतकं चालत नाही.

मुलांची बोट म्हणजे ऑप्टिमिस्ट, सगळ्यांची लाडकी ऑप्टी. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी आखली. लांबी २.३ मीटर, नुसत्या हलचं वजन ३५ किलो, एकच शीड. नाक बोथट कापलेलं, बघायला एखादी पेटीच. पण याच पेटीत बसून जगभरची मुलं पंधराव्या वर्षापर्यंत शर्यती करतात. ती मला आवडते, कारण तिच्यात मूल एकटं असतं. सुकाणू त्याच्याच हातात आणि शिडाचा दोरही त्याच्याच हातात. चूक झाली तर दोष द्यायला शेजारी कुणी नाही.

आता बिल्ले. धक्क्यावर एक लाकडी फळा आहे, त्यावर खिळे आणि खिळ्यांना पितळी बिल्ले. पाण्यात उतरताना मुलाने आपल्या नंबरचा बिल्ला काढून लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवायचा, परत आलं की स्वतःच्या हाताने खिळ्याला लावायचा. रिकामा खिळा म्हणजे पाण्यात माणूस. वहीतली नोंद वेगळी होतेच, पण वही लिहिणारा चहाला जाऊ शकतो. फळा कुठे जात नाही.

लाइफ जॅकेटचे पट्टे मी प्रत्येकाचे स्वतः ओढून बघते. खांद्याला धरून वर उचलायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नव्हे. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिल्यावर घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट याच पाण्यात बुडाली. तेव्हापासून पालक जॅकेटांबद्दल विचारायला लागले आहेत. आधी विचारायचे ते फोटो कधी मिळतील.

दर शिबिरात कुणीतरी अनवाणी येतं. स्लिपच्या कडेच्या दगडांवर कालवं असतात आणि त्यांच्या धारेने पाय पात्याने कापावा तसा कापतो. आजचा अनवाणी मुलगा सकाळभर धक्क्यावर गाठी बांधत बसला. चांगल्या बांधल्या.

साडेआठ ते अकरा

पाणी स्लिपच्या टोकाला आठला लागलं. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत साडेतीन मीटरच्या आसपास फरक पडतो, तेव्हा आठ ते दहा या वेळात पाणी खरोखर धावत असतं, आणि धावतं उत्तरेला. उत्तरेला गेटवे, त्याच्या लाँचेस आणि त्यापलीकडे नेव्हल डॉकयार्ड, जिथे शिडाच्या खेळण्याला प्रवेश नाही. म्हणून भरतीला मुलांचे बोये आम्ही स्लिपच्या दक्षिणेला टाकतो, ससून डॉकच्या तोंडापासून लांब. वारा पडला आणि सगळी मुलं नुसती वाहत निघाली तरी पाणी त्यांना घरीच आणतं. धक्का सांभाळण्यातली अर्धी अक्कल एवढीच.

सोमवार असता तर काम सोपं होतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, त्यामुळे वर्दळ कमी. नवशिक्यांना मी शक्यतो त्याच दिवशी बोयांच्या पुढे सोडते. आज सुट्टीचा वार. नऊपासूनच लाँचेस भरून निघाल्या आहेत आणि त्यांच्या लाटा आडव्या येऊन ऑप्ट्या डोलवताहेत.

सकाळचा मतलई वारा दहाला मेला. अर्धा तास नुसतं ऊन, लोंबणारी शिडं आणि कंटाळलेली मुलं. अशा वेळी बोट उलटी करून सरळ करण्याचा सराव घ्यायचा. त्यांना वाटतं खेळ चाललाय. पावणेअकराला पश्चिमेकडून खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक आली तशी शिट्टी मारून सगळ्यांना आत घेतलं. फळा भरला. स्लिप मोकळी.

साडेअकरा ते एक

आजचं मोठं काम. जे/२४ जातीची किलबोट, वजन १४०० किलो, पाण्याखाली चार फूट खोल किल. ती आमच्या ट्रॉलीवर चढवायची तर स्लिपच्या पायथ्याशी पाणी भरपूर हवं, आणि ते फक्त उधाणाच्या भरतीला मिळतं. मुंबईत उधाणाची आणि भांगाची, म्हणजे सगळ्यांत लहान भरती यांत मीटरभराचा फरक आहे. तेवढ्या फरकाने किल ट्रॉलीच्या खाचेत बसत नाही, तिच्यावर आपटते.

बोटीच्या मालकांनी काल संध्याकाळी फोन केला होता. “अजून आठवडाभर राहू द्या की, मॅडम. शनिवारी पाहुणे आहेत.”

आठवड्याने भांग आहे, असं मी सांगितलं. मग पुढचं उधाण अमावास्येला, म्हणजे मे संपता संपता. तोवर मांडव्याच्या लाँचेस बंद होतात, १ जूनपासून मासेमारीला ६१ दिवसांची बंदी लागते, आणि पाऊस मुंबईत ११ जूनच्या आसपास येतो असं वेधशाळेची सरासरी सांगते. वादळ सरासरी बघत नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईसमोरून गेलं तेव्हा पाऊस यायला अजून तीन आठवडे होते. मुरिंगच्या साखळीला बांधलेली बोट अशा वेळी फक्त स्वतःचं नुकसान करत नाही. सुटली तर शेजारच्या चार घेऊन जाते. मेंबर हा क्लबचा मालक असतो हे मला मान्य आहे, पण भरती क्लबची मेंबर नाही.

साडेअकराला रेस्क्यू बोटीने तिला मुरिंगवरून ओढत आणलं. ट्रॉली पाण्यात पूर्ण बुडालेली. तिच्या चार कोपऱ्यांना उभ्या केलेल्या काठ्या तेवढ्या वर दिसतात. त्या काठ्यांच्या मधोमध बोट घालायची. नाकाला दोन दोर, मागे दोन, दोन्ही बाजूंना छातीभर पाण्यात एकेक माणूस. घाई करून उपयोग नाही, कारण पाणी अजून उत्तरेला सरकतंय आणि बोटीचं बूड वळवतंय. शिवाय पश्चिमेचा वारा डोलकाठीला धरून तिला धक्क्यापासून बाहेर ढकलतोय. थांबायचं. मालकही आले होते, धक्क्यावर उभे राहून १९८२ च्या एशियाडच्या गोष्टी सांगत होते. त्या वेळच्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या हे खरं. पण पाण्यात उभ्या माणसांना त्या क्षणी त्यात रस नव्हता.

बारा-दहाला मामांनी पाण्यात काडी टाकली. ती जागेवरच राहिली.

“ताई, पाणी उभं राहिलं. आता घ्या.”

नाकाचा दोर ताणला, बोट काठ्यांमध्ये आली, किल खाचेवर आली, आणि नेमकी तेव्हा एक स्पीडबोट आमच्यापासून वीसेक मीटरवरून गेली. तिच्या तीन लाटा आल्या. पहिल्या लाटेला किल उचलली, दुसरीला ट्रॉलीच्या लोखंडावर बसली, आणि तो आवाज सगळ्यांच्या दातांत गेला. मामा ओरडले, “दोर सोडा, सोडा!” ताणलेला दोर तसाच धरला असता तर बोट तिरकी अडकली असती. सैल सोडल्यावर ती तिसऱ्या लाटेवर तरंगली, सरळ झाली, आणि मग खाली बसली. विंच फिरवायला सुरुवात केली. पाऊण वाजता बोट स्लिपच्या माथ्यावर होती, बुडाला वर्षभराचं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले घेऊन. ते ओले असतानाच खरवडावे लागतात. सुकले की छिन्नी लागते. मालकांनी किल वाकून पाहिली आणि पाहुण्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

एक ते अडीच

जेवण. झोप नाही.

अडीच ते चार

दुपारची बॅच मोठ्या मुलांची. वारा १४ नॉट, म्हणजे ताशी २६ किलोमीटर, आणि तो पश्चिमेचा असल्यामुळे कुलाब्याच्या इमारतींवरून तुटून येतो. दोन मिनिटं काहीच नाही, मग एकदम थप्पड. शिवाय आता ओहोटी. पाणी दक्षिणेला, बंदराच्या तोंडाकडे जातंय आणि वारा बोटींना किनाऱ्यापासून लांब नेतोय. दिवसातला सगळ्यांत मजेचा वेळ हाच आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत वाईटही हाच. बोये आता उत्तरेला टाकलेले, पण गेटवेच्या वर्दळीमुळे फार उत्तरेला नाही. दोन्ही रेस्क्यू बोटी पूर्वेच्या बाजूला, कारण ज्याचं काही बिघडेल तो वाहत तिकडेच जाणार.

पाच बोटी उलटल्या, पाचही मुलांनी स्वतः सरळ केल्या. यावर पालकांच्या बाकावर टाळ्या वाजल्या. मला टाळ्या आवडत नाहीत; त्यांनी दुसऱ्याला उलटायची हौस येते.

पाणी चढायला जेवढा वेळ लागला तेवढाच उतरायला लागतो. सकाळी आठला टोकाला लागलेलं पाणी चारला टोक सोडतं. त्यानंतर आलेल्या बोटीला गुडघाभर चिखलातून उचलून आणावं लागतं. पावणेचारला शिट्टी दिली. सगळ्या बोटी आल्या आणि फळ्यावर एक खिळा रिकामा राहिला.

बोटी मोजल्या, बरोबर. वहीत सही आहे. तरी बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही म्हणजे मूल पाण्यात आहे असंच मानायचं. वही काय म्हणते ते नंतर. एक रेस्क्यू बोट परत पाठवली, दुसरीला बोये न उचलता थांबायला सांगितलं. सहा मिनिटांनी तो मुलगा कँटीनमध्ये सापडला, एका हातात वडापाव, जॅकेट अंगावर, बिल्ला खिशात. मी ओरडले नाही. उद्या सगळ्या मुलांचे बिल्ले तो देईल आणि तोच परत घेईल.

साडेचार ते सात

गोड्या पाण्याने सगळं धुवायचं: शिडं, दोर, पुल्या, इंजिनं. मे महिन्यात टँकरचं पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून आधी इंजिनं, मग पुल्या, शिडं शेवटी. शिडं सावलीत सुकवायची. उन्हात फडफडत ठेवली तर कापड वर्षभरात मऊ पडून निकामी होतं. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी ती कठड्यावर टाकून जातं.

पेट्रोलचा हिशोब, तुटलेल्या वस्तूंची यादी, उद्याचं हवामान. फळ्यावर नवी वेळ लिहिली: भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा, म्हणून सकाळची बॅच नऊला. पालकांनी मुलांना आठला आणून सोडू नये. पाणी आलेलं नसेल. पायांत बंद बूट हवेत, जीन्स नको, आणि कँटीनमध्ये जाण्याआधी बिल्ला खिळ्याला लागलाय की नाही हे मुलाला नाही, फळ्याला विचारावं.