उच्च रक्तदाबात शिरांचे वर्तन

रक्तदाब म्हटला की आपण धमन्यांचा विचार करतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो धमनीतील दाब. परंतु शरीरातील सुमारे ६० ते ७० टक्के रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये, म्हणजेच नीलांमध्ये असते. धमनीतील दाब सतत १४०/९० मिमी पारा किंवा त्याहून अधिक राहिला तर या शिरांचे काय होते, ते आपण या पाठात पाहू.

१. वाढलेला दाब शिरांपर्यंत पोहोचतो का?

थेट पोहोचत नाही. धमनिका अरुंद असतात, त्यामुळे बहुतेक दाब त्यांच्यातच खर्च होतो. केशवाहिन्यांच्या सुरुवातीला तो ३० ते ३५ मिमी, सूक्ष्म शिरांत १० ते १५ मिमी आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेत जवळजवळ शून्य उरतो. उच्च रक्तदाबात धमनिका आणखी आकुंचन पावतात. त्यामुळे शिरांतील दाब धमन्यांच्या प्रमाणात वाढत नाही.

२. मग शिरा बदलतात कशामुळे?

शिरेची भिंत पातळ व सैल असते. समान दाबवाढीला शिरा धमनीच्या सुमारे ८ पट ताणली जाते आणि तिच्यात रक्तही सुमारे ३ पट असते. म्हणून तिची साठवणक्षमता सुमारे २४ पट ठरते. उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांत अनुकंपी चेतासंस्था अधिक सक्रिय असते. तिच्या प्रभावाने शिरांचे अनैच्छिक स्नायू आवळतात आणि ही साठवणक्षमता घटते. शिरांतील रक्त छातीकडे सरकते, हृदयात अधिक रक्त परत येते आणि हृदयावरील भार वाढतो. म्हणजे शिरा येथे निव्वळ नळ्या नसून रक्तदाब वाढवण्यात सहभागी असतात.

३. दृष्टिपटलातील शिरा

दृष्टिपटलात धमनी व शिरा जेथे एकमेकींना ओलांडतात, तेथे दोघींचे बाह्य आवरण सामाईक असते. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने धमनीची भिंत जाड व कठीण होते आणि खालची शिरा दाबली जाते. तेथे प्रवाह अडून गुठळी झाल्यास दृष्टी अचानक अधू होऊ शकते. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाचे नेत्रपटल तपासतात.

४. शिरेला धमनीचा दाब मिळाला तर?

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील शिरा काढून हृदयाच्या धमनीला जोडतात. आता तिला धमनीचा दाब सोसावा लागतो. तिची भिंत जाड होते, आतील अस्तर वाढते आणि पुढे त्यात मेदाचे थर साचतात. अशा जोडण्यांपैकी बऱ्याच जोडण्या दहा वर्षांच्या आत बंद पडतात. दाब शिरेला काय करू शकतो, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

५. उदाहरण : भिलाई

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. समजा, अशा भट्टीजवळ एखादा कामगार संपूर्ण पाळी उभा राहतो. स्थिर उभे असताना त्याच्या घोट्याजवळील शिरांतील दाब ८० ते ९० मिमी असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तो ३० मिमीच्या आसपास येतो. उष्णतेने त्वचेतील शिरा रुंदावतात व रक्त पायांत साचते. पायांवर दिसणाऱ्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा झडपा निकामी झाल्याने होतात; त्यांचे कारण उच्च रक्तदाब हे नव्हे.

आता समजा, याच कामगाराला रक्तदाबासाठी अम्लोडिपिन दिले आणि घोट्यांवर सूज आली. हे औषध धमनिका रुंद करते, पण शिरांवर त्याचा परिणाम त्या मानाने कमी असतो. परिणामी केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर पाझरतो. ‘औषध बाधले’ म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे, कारण रक्तदाब पुन्हा चढतो. मात्रा कमी करावी की औषध बदलावे, हे डॉक्टरांनी ठरवावे. सूज एकाच पायावर असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र तातडीने तपासणी हवी.

सारांश

उच्च रक्तदाब शिरांवर प्रामुख्याने अप्रत्यक्ष परिणाम करतो : स्नायू आवळून, साठवणक्षमता घटवून आणि शेजारच्या कठीण धमनीमार्फत.

स्वाध्याय

१. धमनीतील दाब वाढूनही शिरांतील दाब फारसा का वाढत नाही?
२. शिरांची साठवणक्षमता घटल्यास हृदयावरील भार का वाढतो?
३. उभे राहणे व चालणे यांत घोट्याच्या शिरांतील दाबात पडणारा फरक स्पष्ट करा.