तळ्याची मालकी आणि तळ्याची राखण

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. सरकारदरबारी त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात ‘मामा तलाव’. हे तलाव बांधण्यात ज्यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते तो कोहळी समाज अगदी लहान. १९११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २६ हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा समाजाने एवढे काम कसे उभे केले, याचे उत्तर बहुधा त्यांच्या कसबात शोधले जाते. कसब होतेच. पण पाळ बांधली की एका पिढीचे काम संपते. तलाव दोनशे वर्षे धरून ठेवायचा तर प्रत्येक पिढीला पुन्हा राबावे लागते. पाणी, दुरुस्ती आणि उत्पन्न या तिन्हींचा हिशेब गावातल्या गावात होत होता म्हणून हे तलाव टिकले, आणि तो हिशेब तुटला तेव्हा ते गाळाने भरले, असे माझे म्हणणे आहे.

मुळात या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत तलाव लागतातच कशाला, असा प्रश्न दुष्काळी भागातल्या वाचकाला पडेल. इथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो पडतो जून ते सप्टेंबर. हलका धान तेवढ्यावर निघतो. भारी धान मात्र पाऊस ओसरल्यावर निसवतो, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात बांधीत पाणी नसले तर लोंबी पोचट राहते. रोवणी लांबली तरी पऱ्हे (धानाची रोपे) जगवायला पाणी हवेच. तलाव बांधला गेला तो या एक-दोन पाण्यांसाठी. ते मिळाले की भारी धान साधतो, ऊसही लावता येतो, आणि ऊस हे तर कोहळ्यांचे आवडते पीक. देवारीनंतर, म्हणजे दिवाळीनंतर, गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. त्या हौसेलाही घरात आलेल्या धानाचाच आधार असतो.

चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन द्यायची अशी रीत घातली, असे परंपरा सांगते. म्हणजे बक्षीस आधी नव्हते, पाणी अडल्यावर होते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे सांगतात. तो पुढे कोलासुर देव झाला आणि तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आहे. भोवतीच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात. दिवसा मजूर निघून गेले की रात्री या सात देवी माती वाहायला येत, आणि टेकडीवरचे पांढुरके-पिवळे दगड म्हणजे त्यांच्या टोपल्या, अशी कथा आहे. ही कथा मला महत्त्वाची वाटते. देवत्व पाटलाला मिळाले, तरी माती बायकांच्या डोक्यावरून आली एवढे लोकस्मृतीने विसरू दिले नाही.

गावाची मांडणी उतारावरची: वर जंगल, त्याखाली तलाव, मग पाळ आणि पाळीखाली बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते. जास्तीचे पाणी सलंगावरून (सांडव्यावरून) निघून खालच्या तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) जाते. पाणी सोडायची जुनी सोय म्हणजे तुडुम. त्याला एकाखाली एक भोके असतात आणि प्रत्येकात बुच. आधी वरचे बुच काढायचे, पातळी उतरली की त्याखालचे. तळाचे बुच सहसा काढायचेच नाही, कारण उन्हाळ्यात गुरांना आणि माशांना पाणी उरले पाहिजे. हे यंत्र साधे आहे, पण कोणते बुच कधी काढायचे हे माणसाने ठरवावे लागते, आणि ठरवणाऱ्याचा शब्द वरच्या आणि खालच्या दोन्ही शेतकऱ्यांनी मानावा लागतो. उन्हाळ्यात गाद (तळाचा गाळ) काढून बांधीत टाकायची आणि पावसाआधी पाळीला माती द्यायची, ही कामे ज्यांना पाणी मिळे त्यांच्यावरच होती. मासे ढिवरांचे, म्हणजे मच्छीमार समाजाचे. त्यामुळे तलाव बिघडला की कोणाचे किती नुकसान होणार, हे गावाला तोंडपाठ होते.

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची गावावरची मालकी, नष्ट करणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० चा. ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला आणि तलाव सरकारचे झाले. भंडारा आणि चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दहा-बारा वर्षांत मालक बदलत राहिला. मालकी कागदाने बदलली, पण पाळीला माती कोणी द्यायची हे त्या कागदाने ठरवले नाही. गावाने म्हटले, तलाव सरकारचा. सरकारकडे हजारो तलावांसाठी ना माणसे होती ना पैसा. पाळींना भगदाडे पडली, काठ बेशरमीच्या झुडपांनी व्यापले, बुडीत जमिनीवर अतिक्रमणे झाली.

यावर पहिला आक्षेप न्याय्य आहे: मालगुजार काही संत नव्हता. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत त्याला मालक केले, आणि त्याच्या धाकाने वेठ घेतली गेली. ते खरेच आहे, आणि मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण वेठ संपवताना पाण्याच्या हक्काला जोडलेले कर्तव्यही सुटले. ते लाभधारकांच्या सभेकडे सोपवता आले असते. दुसरा आक्षेप इटियाडोह आणि गोसीखुर्द यांसारख्या धरणांचा: मोठे पाणी आल्यावर ही तळी कशाला? कालवा ठरल्या वाटेने जातो. त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाला त्याचा काय उपयोग? शिवाय विहिरींची पातळी, गुरांचे पाणी आणि ढिवरांची मासेमारी या गोष्टी कालव्याने साधत नाहीत.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली आणि तलावांकडे पुन्हा लक्ष गेले. हे चांगलेच झाले. परंतु यंत्राने तळ सरसकट खोल खणला की काठाचा मंद उतार जातो, आणि मासे अंडी घालतात, पाणवनस्पती रुजतात, पक्षी चरतात ते याच उथळ उतारावर. गाद काढताना ढिवरांना विचारले तर कुठे खणू नये हे ते सांगू शकतील. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या पाणवठ्यांवरचे मासे आणि इतर उत्पन्न यांवर सामूहिक हक्क मान्य केला आहे. निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक वापरहक्कांच्या, जुन्या नोंदीही आहेत. जिल्हा परिषदांनी या नोंदी ग्रामसभांपुढे वाचून दाखवाव्यात, आणि गाद काढायचा पहिला पैसा खर्च होण्याआधी प्रत्येक तलावावर पाणी कोण सोडणार, पाळ कोण राखणार आणि मासे कोणाचे, हे ठरावात लिहून घ्यावे.